गाडीतला पहिला चहा

गाडीतच मुक्काम, गाडीतच चहा, अशी नाशिकहून पहिलीच फेरी ना? मग कॉफी मशीन वगैरे आत्ता नको. एका बर्नरची शेगडी, झाकणाचं पातेलं, गाळणी आणि स्टीलचा थर्मास, बास.

सगळ्यात आधी हे: दारं-खिडक्या बंद करून शेगडी पेटवायची नाही. इगतपुरीच्या पावसात मोह होतोच, पण कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. मागचं दार उघडा, वाऱ्याला आडोसा करा, मग चहा ठेवा. आणि पातेलं शेगडीवर असताना गाडी जरासुद्धा हलवायची नाही. हसू नका, मी हलवली होती. गादीवरचा डाग अजून आहे.

नवीन माणूस हमखास फसतो तो इलेक्ट्रिक किटलीत. १५०० वॅटची किटली १२ व्होल्टच्या बॅटरीतून सव्वाशे अँपिअर ओढते. सकाळी गाडीला धक्का मारायची हौस असेल तर खुशाल घ्या.

बाकी किरकोळ:
- उन्हाळ्यात दूध नासतं, पावडर ठेवा.
- गुळाचा चहा असेल तर गूळ गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटतं.
- थर्मास आधी गरम पाण्याने विसळा, मग उकळतं पाणी भरा.

सोलर, जादा बॅटरी हे नंतर बोलू. या रविवारी गंगापूर धरणापर्यंत जाऊन या, आलं किसून न्या.