फिशआय घ्यायचीये, पण अंधारात चालणारी

प्रश्न : दादा, मी शहाद्याचा. लग्नाचे, हळदीचे फोटो काढतो आणि उन्हाळ्यात जमलं तर तोरणमाळला जाऊन आकाशाचे. बॉडी सोनी ए६४००. डीएसएलआरच्या काळातली सॅमयांगची ८ एमएम एफ ३.५ फिशआय (फुगीर काचेची, जवळपास १८० अंश दाखवणारी लेन्स) ॲडॉप्टर लावून वापरतोय, पण हळदीच्या रात्री डीजेसमोर नाचणारे सगळे पुसट येतात, आयएसओ (सेन्सरची उजेड पकडायची ताकद) वाढवला की नुसता नॉइज, म्हणजे दाणे. आता एफ २.८ घेऊ की एफ २? बजेट वीस हजार, त्याच्यावर गेलो तर घरचे मलाच घराबाहेर काढतील.

उत्तर : भाऊ, एफ २ घे. एफ म्हणजे ॲपर्चरचा, लेन्सच्या भोकाचा आकडा, तो जेवढा लहान तेवढा उजेड जास्त. २.८ साठी जुनी विकू नको, तेवढ्याने काही फरक जाणवणार नाही. ३.५ वरून २.८ वर आलं की उजेड साधारण दीडपटच वाढतो, २ वर आलं की तिप्पट. म्हणजे हळदीत आज तू १/२० सेकंद शटरवर अडकला असशील तर त्याच आयएसओला १/६० मिळेल, हात हलतील तरी चेहरे टिकतील, आणि ए६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाहीये हे लक्षात घेतलं तर हा फरक अजूनच कामाचा (तसंही स्टॅबिलायझेशन तुझा हात सावरतं, नाचणाऱ्या मामाला ते काय थांबवणार).

ताऱ्यांचं गणित मात्र वेगळं आहे. एवढ्या वाइड लेन्सवर ३० सेकंद शटर उघडं ठेवलं तरी तारे फारसे ओढले जात नाहीत, त्यामुळे तिथे फायदा शटरचा नाही, आयएसओचा. आज ६४०० वर जो फोटो येतो तो २००० च्या आसपास येईल, आणि तुझ्यासारख्या क्रॉप बॉडीवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवाल्या) ६४०० आणि २००० मधला फरक प्रिंट न काढताही दिसतो.

तुझ्या कॅमेऱ्याच्या माउंटला (लेन्स बसते त्या खाचेला) टीटीआर्टिझनची ७.५ एमएम एफ २ मिळते, मी हीच बघ म्हणेन. भाव सारखे हलतात म्हणून आकडा छापत नाही, पण जुनी सॅमयांग विकून जे येतील ते धरून बस. माइकीची ६.५ एमएम पण एफ २ आहे, पण ती सर्क्युलर, म्हणजे फ्रेमच्या मधे गोल चित्र आणि भोवती सगळं काळं, लग्नाच्या अल्बममधे असा एखादा फोटो ठीक, त्याच्यापुढे नवरदेवाचा बाप विचारतो की बाकीचा फोटो कुठे गेला. २.८ मधे सॅमयांगची ८ एमएमची मिररलेसवाली, सेव्हनआर्टिझन्सची ७.५, माइकीची ७.५ अशा बऱ्याच आहेत, दिवसा फिरणाऱ्याला त्या पुरतात. फुल फ्रेमवाली ११ किंवा १२ एमएमची फिशआय स्वस्तात मिळाली तरी क्रॉप बॉडीसाठी घेऊ नको, कडा कापल्या जातात आणि १८० अंश राहतच नाहीत. ऑलिम्पसची ८ एमएम एफ १.८ भारी आहे, ऑटोफोकसही आहे, पण ती मायक्रो फोर थर्ड्स या वेगळ्या माउंटची, तुझ्या कॅमेऱ्याला उपयोग नाही. आणि सिग्माने २०२४ मधे १५ एमएम एफ १.४ काढली तिचं नाव घरात काढू पण नको, वजनच सव्वा किलोच्या वर.

या स्वस्त लेन्स सगळ्या मॅन्युअल, फोकस हातानेच लावायचा. ॲडॉप्टरवर काम करून तुला सवय असेलच, तरी मेनूत रिलीज विदाउट लेन्स चालू आहे ना बघून घे, नाहीतर लेन्स लावशील आणि शटरच दबणार नाही. फोकसचं टेन्शन घेऊ नको. ७.५ एमएमला एफ २ उघडं ठेवूनही दीड मीटरच्या जरा अलीकडे फोकस लावला की पाऊण मीटरपासून पार मागच्या मांडवापर्यंत सगळं चालण्यासारखं शार्प येतं, रिंगला टेप लावून टाक आणि नाच त्यांच्यात. तारे काढताना मात्र टेप काढ, कारण या लेन्सवरची इन्फिनिटीची खूण बऱ्याचदा खरी नसते, एखादा ठळक तारा स्क्रीनवर मोठा करून तो बारीकात बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरव.

आता दुकानात काय बघायचं, कारण खरी लॉटरी तिथेच आहे. स्वस्त लेन्समधे एकाच मॉडेलचे दोन नग सारखे निघतील याची गॅरंटी नाही, म्हणून परत घेणाऱ्या दुकानातूनच घे आणि पहिल्याच रात्री गच्चीवर जाऊन लांबचे दिवे एफ २ वर काढ, तोच एक दिवा चारही कोपऱ्यांत ठेवून. चारही ठिकाणी सारखाच बिघडला तर ठीक, पण एकच कोपरा गेलेला असेल तर काच आत तिरकी बसलीये, परत कर. कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पाखरासारखे पंख फुटतात त्याला कोमा म्हणतात, तो उघड्या ॲपर्चरला थोडाफार राहणारच, एफ २.८ केलं की कमी होतो. मग २.८ चीच का नाही घेतली असं म्हणशील, तर २.८ वाली पण उघड्यावर तेच करते आणि तिला बंद करायला जागा कमी राहते.

तोरणमाळला थंडीत गेलास तर यशवंत तलावाकाठी फुगीर काचेवर दव धरतं, मधूनमधून टॉर्च मारून बघत जा. आणि मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर लेन्स ठेवू नको, आतलं ग्रीस पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर येतं.

प्रश्न : दादा, मी रावेरची. कानबाईच्या (श्रावणात आपल्या खान्देशात घरोघरी बसवतात ती देवी) रात्री घरातल्या छोट्या खोलीत अख्खं कुटुंब बसवायचंय. फिशआयने काढून नंतर सॉफ्टवेअरमधे सरळ केलं तर वाइड लेन्सचे पैसे वाचतील का?

उत्तर : ताई, वाचतील पण कडेला बसलेल्या काकू रुंद होतील आणि पुसटही, कारण सरळ करताना कोपरे ताणले जातात. त्यापेक्षा वाकडेपणा राहू द्या. फिशआयमधे मधून जाणारी रेघ सरळच राहते, म्हणून कानबाई बरोब्बर मधे घ्या, कॅमेरा आडवा आणि लेव्हलला ठेवा, माणसं कडेपासून जरा आत बसवा, मग वाकेल ती फक्त भिंत. खोलीचेच फोटो नेहमी काढायचे असतील तर १२ एमएमच्या आसपासची साधी वाइड घ्या, फिशआय नको.

प्रश्न : मोबाइलवर किंवा किट लेन्सवर लावायची फिशआयची काच ऑनलाइन सातआठशेला मिळते, घेऊ का? (धुळे)

उत्तर : नको भो. कडा पुसट, रंग फाटलेले, आणि अंधारात तर काहीच नाही. पोराला खेळायला पाहिजे असेल तर घे.