भीती वाटत असताना बसायचं कसं

सुरुवातीला दहाच मिनिटं ध्यानाला बसा, तेही सकाळी बातम्या बघायच्या आधी. अंथरुणावर नको, झोप येते. नाकाशी येणारा-जाणारा श्वास जाणवू द्या. मुद्दाम लांबवू नका.

भीती उठली की नवीन माणूस तिच्याशी वाद घालतो: नोकरी गेली तर? हप्त्यांचं काय? हे चिंतन वाटतं, पण असतं तेच ते दळण. त्यापेक्षा ती अंगात कुठे आहे ते शोधा. घसा आवळलाय, पोटात गोळा आलाय, तळहात घामेजलेत? तिथेच लक्ष ठेवून वाढते की ओसरते एवढंच बघा. घालवायला गेलात की ती घट्ट होते, कारण 'गेली का?' म्हणत मन पुन्हा तिलाच चाचपतं.

उठल्यावर वहीत दोन ओळी: भीती कशाची, आणि त्यातलं आज माझ्या हातात काय. दुसरी ओळ कोरी राहिली तरी चालेल.

घुसमटलं तर डोळे उघडा, पावलं जमिनीवर टेकवा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या. इगतपुरीचं १० दिवसांचं विपश्यना शिबिर मन इतकं हललेलं असताना पहिल्यांदा करू नका, असंच मी सांगेन. झोप-जेवण दोन आठवडे उडालं असेल तर डॉक्टरांना भेटा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. ही सेवा मोफत आहे आणि रात्रीही चालू असते.