नव्याने धावायला लागलोय, अर्ध्या फेरीतच धाप लागते. दम आणि आत्मविश्वास कसा वाढवू? (नाशिक)

तुम्ही लिहिलंय की वय अडतीस, कॉलेजनंतर व्यायाम असा नाहीच, गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर अर्धी फेरी झाली की धाप लागते, आणि त्यात आजोबांच्या वयाची माणसं शेजारून पुढे गेली की दुसऱ्या दिवशी जायची लाज वाटते. दम कमी पडतोय असं तुम्हाला वाटतंय. मला वाचताना वेग जास्त होतोय असं दिसतं.

नवा माणूस शाळेतल्या शंभर मीटरसारखा सुटतो, कारण 'धावणं' म्हटलं की डोळ्यांसमोर तेच असतं. आपल्या नाशिककरांच्या डोळ्यांसमोर तर कविता राऊतही असते. सावरपाड्याच्या या मुलीने २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. पण आपण टीव्हीवर बघतो ती शर्यत. लांब पल्ल्याच्या धावपटूंचा रोजचा बराचसा सराव त्यांच्या मानाने अगदी सावकाश चालतो, तो कुणी दाखवत नाही.

तेव्हा उद्या धावताना तेराचा पाढा म्हणा. मनात नाही, तोंडाने. 'तेरा सत्ते एक्याण्णव' एका श्वासात सहज निघालं तर वेग बरोबर. 'सत्ते'पाशी श्वास तुटला तर कमी करा. भरभर चालणारे पुढे गेले तरी चालेल, पण हा वेग सोडू नका. सुरुवातीला तो विचित्र वाटतो, पाय जेमतेम उचलले जातायत असं वाटतं. तोच हवा.

आणि सलग धावायचा हट्ट आत्ता नको. पाच मिनिटं चाला, मग एक मिनिट धावा, दोन मिनिटं चाला, असं आलटून पालटून करत एकूण अर्धा तास. आठवड्यातून तीनदा, मध्ये एकेक दिवस सुट्टी. अमेरिकेतल्या जॉश क्लार्क यांनी १९९६ मध्ये 'काउच टू ५के' (म्हणजे सोफ्यावरून उठून पाच किलोमीटरपर्यंत) नावाचं ९ आठवड्यांचं वेळापत्रक याच धर्तीवर बांधलं आणि जगभर असंख्य लोक त्यावरून धावायला शिकले. तुम्हाला नवाऐवजी चौदा आठवडे लागले तरी काही बिघडत नाही. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करा.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण उत्साही माणसं हमखास इथेच अडकतात. सावकाश धावूनही शरीर बदलतं. पहिल्या काही आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो आणि हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. हळूहळू स्नायूंत बारीक रक्तवाहिन्या वाढतात. म्हणून महिन्याभरात दम बऱ्यापैकी सुधारतो. हाडं आणि टाचेमागची शीर (रक्तवाहिनी नव्हे, पोटरीला टाचेशी जोडणारी कंडरा) मात्र इतक्या लवकर तयार होत नाहीत, त्यांना कित्येक महिने लागतात. दम म्हणतो 'अजून पळू', आणि नडगी दुखायला लागते. नडगीच्या आतल्या कडेला पसरलेलं दुखणं असेल तर काही दिवस नुसतं चाला. पण हाडावर एका बोटाने दाखवता येईल अशी दुखरी जागा असेल, किंवा बसल्या-झोपल्याही ठणकत असेल, तर धावणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवाच. छातीत दुखणं किंवा चक्कर याबाबतीत तर वाटच बघू नका. बीपी, शुगर असेल तर सुरू करण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

बूट पायाला नीट बसणारे घ्या, पुढे अंगठ्याला जागा हवी. महागच हवेत असं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उजाडता उजाडताच उरकून घ्या. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा आधीचं चालणं दहा मिनिटांचं करा. नवख्या माणसाला नाशिकच्या थंडीसारखा ऋतू नाही!

लाजेबद्दल. तुमच्या पुढे जाणारे ते आजोबा बहुतेक वर्षानुवर्षं रोज येतायत, त्यांच्याशी तुलना कशाला? तरीही नजरा टोचत असतील तर सुरुवातीला कृषिनगरचा ट्रॅक किंवा गोदापार्क बघा. गंगापूर रोडची रहदारी आणि चढ इतक्यात नकोत. माझ्यासोबत येणारी एक मैत्रीण अशीच बुजायची, ओढणी सावरत कडेकडेने धावायची. तिने फोनमध्ये रोज एवढंच लिहायला सुरुवात केली: 'आज गेले. सहा वेळा धावले.' अंतर नाही, वेग नाही. काही आठवड्यांनी ते आकडे वर सरकवत ती स्वतःच वाचत बसली होती, आणि त्यानंतर ती कडेने धावताना मला दिसली नाही.

तुम्हीही तसं लिहा. आणि 'अजून एकदा जमेल' असं वाटत असतानाच थांबा, पार दमून घरी जाऊ नका. मग परवा सकाळी गजर झाल्यावर उठायला जड जात नाही. सलग वीस मिनिटं पाढा म्हणत धावता आलं की इथेच कळवा, पाच किलोमीटरचं पुढचं बोलू.