अस्थिकलश नव्हे, रांजण!

पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात घरांच्या जमिनीखाली जी दफनाची भांडी सापडली, त्यांना 'अस्थिकलश' म्हणावे की 'कुंभ', असा प्रश्न आला आहे.

अस्थिकलश मुळीच म्हणू नका. ऐकून ऐकून कान किटले. अस्थिकलश म्हटला की आधी दहन आले, मग सावडणे आले. घोड नदीकाठच्या, तांबे नि दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्या त्या जोर्वे संस्कृतीच्या लोकांनी (इ.स.पू. १४०० ते ७००) मूल दगावले की जाळले नाही. घरातच खड्डा खणायचा, दोन करडे रांजण तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, मूल आत, शेजारी वाडगा नि तोटीचे भांडे. अख्खा देह पुरलाय, सावडणार काय?

कुंभ चालेल, पण 'रांजण' उत्तम. काहीजण तो 'रंजन'वरून आणतात, म्हणे रंगवलेला म्हणून! त्यांनी एकदा खापर हातात घ्यावे. रंगवलेली ती जोर्व्याची पातळ लाल भांडी, वर काळी नक्षी, टिचकी मारली की खणखणणारी. रांजण जाड नि ओबडधोबड.

खरी गंमत अमरकोशात, म्हणजे त्या जुन्या संस्कृत शब्दकोशात आहे. तिथे पाण्याच्या मोठ्या मडक्याला 'अलिंजर' म्हटलेय, पालीत तेच 'अरंजर'. आरंभीचा अ मराठी सर्रास गिळते: अरण्याचे रान, अरघट्टाचा रहाट, अरिष्टाचा रिठा. तसाच अरंजराचा रांजण. शेवटच्या र चा ण कसा झाला विचाराल, तर एका शब्दात दोन र जिभेला जड जातात, एक बदलतो. माझे मत पक्के आहे. 'देशी शब्द' असा शिक्का मारून मोकळे होणाऱ्या कोशकारांनी व्युत्पत्ती दिलेली नसते, हात झटकलेले असतात. निघोजला कुकडीच्या पात्रातल्या खोल खळग्यांना लोकांनी रांजणखळगेच म्हटले, कलशखळगे नाही. आणि ही कुकडी पुढे त्याच घोडला मिळते!

इनामगावचे एक भांडे मात्र वेगळे आहे. मोठे, चार पायांचे, आत प्रौढ पुरुष बसवलेला. इतर बहुतेक प्रौढांची पावले तोडून पुरलेली, याची शाबूत. पाय असलेला रांजण मी तरी ऐकलेला नाही. त्याला खुशाल कुंभ म्हणा.