जाळीच्या नळकांड्यात फिरवलेली ज्योत विझण्याऐवजी उंच का होते?

तुम्ही लिहिलंय की मुलीच्या वर्गात सरांनी फिरत्या पाटावर जळता बोळा ठेवला, भोवती जाळीचं नळकांडं उभं केलं, पाट फिरवला आणि ज्योत तिप्पट झाली. फुंकर मारली की दिवा विझतो, मग इथे वारा लागून ज्योत वाढली कशी, असं ती विचारते. तिला माझ्याकडून शाबासकी द्या, कारण खरी मेख तिथेच आहे.

नववीच्या वर्गात मीही हा प्रयोग दाखवते. स्टीलच्या वाटीत रॉकेलात भिजवून पिळलेला कापसाचा बोळा असतो. आधी जाळीशिवाय पाट फिरवते: ज्योत नुसती फरफरते. मग जाळी लावून पाट स्थिर ठेवते: तरी काही नाही. दोन्ही एकत्र केलं की ज्योत आधी चाचपडते, एका अंगाला कलते आणि मग पीळ घालत सरळ वर चढते. ही हवेची वावटळच, फक्त मध्ये ज्योत असल्यामुळे डोळ्यांना दिसते.

गरम हवा वर जाते, तिची जागा घ्यायला जाळीतून चहूबाजूंनी हवा आत येते. जाळी फिरती असल्याने येता येता त्या हवेला आडवा रेटा बसतो. मग ती गोल फिरत आत सरकते आणि मध्याच्या जवळ येईल तसा तिचा वेग वाढतो. पेनच्या रिकाम्या नळीतून दोरा ओवा, टोकाला खोडरबर बांधून तो डोक्यावर गरगर फिरवा आणि दोरा खालून ओढा. खोडरबर कसा सुसाट सुटतो ते मुलीला हाताने कळू दे.

आता उंचीचं. ‘ऑक्सिजन जास्त मिळतो म्हणून’ हे उत्तर सगळीकडे मिळतं आणि मला ते अजिबात पटत नाही. फिरण्यामुळे जड, गार हवा बाहेर राहते, हलका, गरम वायू मध्ये राहतो आणि दोघे बाजूने सहज मिसळत नाहीत. इंधनाच्या वाफेला पुरेशी हवा मिळेपर्यंत वर वर जावं लागतं, म्हणून ज्योत लांबते. तळाशी मात्र घर्षणामुळे फिरणं मंदावतं, तिथून हवा थेट मध्यापर्यंत शिरते आणि ज्योतीला बोळ्यावर दाबते. बोळा जास्त तापतो, वाफही जास्त निघते. फुंकर एकाच बाजूने येऊन ती वाफ उडवून लावते, इथे हवा चहूकडून येते. फरक आहे तो हा.

हार्वर्डमध्ये एमन्स आणि यिंग यांनी 1967 मध्ये अशीच फिरती जाळी वापरून मोजमापं केली होती. हा विषय नुसता वर्गातला नाही. 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपानंतर टोकियोच्या होंजो भागात, लष्कराच्या जुन्या कपडे-कारखान्याच्या मोकळ्या मैदानावर लोक सामानासुमानासह आसऱ्याला जमले होते. तिथे आगीची वावटळ शिरली आणि सुमारे 38,000 माणसं गेली. वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवेळी खाली येतो.

घरी करायचं तर ज्योत नको, उदबत्तीचा धूर घ्या. पारदर्शक प्लास्टिकची बाटली उभी चिरा, दोन्ही अर्धे थोडे सरकवून समोरासमोर उभे करा, म्हणजे दोन्ही बाजूंना उभ्या फटी राहतील. खाली पणती मोठ्यांनीच लावावी, प्लास्टिक ज्योतीपासून लांब ठेवावं. बाटली अरुंद असेल तर पणतीऐवजी वाटीत गरम पाणी ठेवा. फटीपाशी उदबत्ती धरली की धूर वळत वळत वर जाताना दिसेल. आणि वर्गात सर स्पिरिट वापरत असतील तर एवढं जरूर विचारा: विझल्यासारख्या दिसणाऱ्या वाटीत ते बाटलीतून पुन्हा ओतत तर नाहीत ना? स्पिरिटची ज्योत उजेडात दिसत नाही आणि आग धारेवरून थेट बाटलीत शिरते.