वाघाटी म्हणजे बिबट्याचं पिल्लू नव्हे

गुहागरच्या एका ताईंनी विचारलंय, वाघाटी म्हणजे वाघाची मादी, बिबट्याचं पिल्लू की ती काटेरी वेल? मादी म्हणजे वाघीण, ते सोडा. पण पिल्लाचं ऐकून ऐकून कान किटलेत माझे. काजू वेचताना कुणाला तरी पाचोळ्यात ठिपक्याठिपक्यांची दोन पिल्लं दिसतात, की लगेच "बिबट्याचे बछडे सापडले" असा मेसेज फिरतो आणि वर कुणीतरी सांगतो की जुनी माणसं ह्यालाच वाघाटी म्हणायची. नाही हो म्हणायची! बिबट्याला कोकणात सरळ वाघच म्हणतात. वाघाटी हे एक जंगली मांजर, मोठी झाली तरी घरच्या मांजराएवढीच, आणि हे नाव ज्या दोन जातींना लावतात त्यातली धाकटी तर जेमतेम दीड किलोची, जगातल्या सगळ्यात लहान मांजरांतली एक. दिवसा ढोलीत नाहीतर कातळाच्या कपारीत झोपायचं, रात्री उंदीर, पाखरं, सरडे मारायचे. डोळ्यांपासून कपाळावर चढणाऱ्या पांढऱ्या रेघा बघा, ओळख पटेल. आणि पिल्लं उचलू नका, आई येते न्यायला.

आता खरी गंमत. खारट म्हणजे खार नव्हे, खाराच्या अंगाने जाणारं. तेलकट, मळकट, धुरकट तसंच, आणि रानटी म्हणजे रानाच्या वळणाचा. मग वाघाटी म्हणजे वाघाच्या वळणाची! 'आ' कुठून आला विचाराल तर वाघाला, वाघाचा यातलं जे 'वाघा' आहे त्यालाच 'टी' लागलाय, असं माझं ठाम मत आहे.

काहीजण मात्र छातीठोकपणे सांगतात की मांजर वाघाटी नावाच्या त्या काटेरी वेलीच्या जाळीत लपतं म्हणून त्याला वेलीचं नाव पडलं. साफ चूक. लपायला तिला करवंदाची जाळीही चालते, मग करवंदी का नाही म्हटलं? उलट त्या वेलीचंच संस्कृत नाव व्याघ्रनखी, कारण तिचे काटे नखांसारखे आकडेदार. म्हणजे वेलीने वाघाची नखं घेतली, मांजराने अंगावरची नक्षी, दोघी वाघाकडूनच आल्या, एकमेकींकडून नाही. देशावर आषाढी द्वादशीला उपास सोडताना भाजी करतात ती वेलीच्या फळांची, त्या फळाला वाघाटं म्हणतात, नपुंसकलिंगी. मांजर मात्र नर असला तरी ती वाघाटीच.