लंब्रिजमधून बाहेर पडल्यावर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन गेम सुरू करून आठवडा झाला, ट्युटोरियल आयलंड (गेम शिकवणारं पहिलं बेट) संपवून लंब्रिज गावाच्या किल्ल्यासमोर उभे आहात, कुठे जायचं ते गेम सांगत नाही आणि व्हिडिओ बघून 'सर्वात कमी वेळात लेव्हल वाढवायचा' क्रम पाळायला घेतला तर दोन दिवसांत कंटाळा आला. चूक तुमची की गेमची?

दोघांचीही नाही, त्या क्रमाची. तो बनवणाऱ्यांनी हा गेम आधी दहादा फिरून पाहिलेला असतो. तुम्ही एकदाही पाहिलेला नाही.

मी २००७ मध्ये मिरजेतल्या एका नेट कॅफेत, तासाला वीस रुपये मोजून रूनस्केप खेळायला लागलो. शेजारच्या मशीनवर मावसभाऊ. तुम्ही आज मोबाइलवर जो गेम उघडता तो जवळपास तोच आहे: गेम बनवणाऱ्या जॅजेक्स कंपनीने २०१३ मध्ये खेळाडूंचं मत घेऊन ऑगस्ट २००७ चा जुना बॅकअप पुन्हा सुरू केला, आणि नंतरची बहुतेक भर खेळाडूंच्या मतदानातूनच आली. त्यामुळे माझ्या तेव्हाच्या फजित्या तुम्हाला आजही जशाच्या तशा उपयोगी पडतील.

सुरुवात किल्ल्यातल्या आचाऱ्यापासून करा. त्याला ड्यूकच्या वाढदिवसाच्या केकसाठी अंडं, दूध आणि पीठ हवं असतं. पीठ दुकानातून आणू नका. शेतातला गहू तोडा, उत्तरेच्या गिरणीत सगळ्यात वरच्या मजल्यावर चढून तो हॉपरमध्ये टाका, लिव्हर ओढा आणि खाली येऊन रिकाम्या भांड्यात पीठ भरा. मी लिव्हर ओढून वरच पिठाची वाट बघत बसलो होतो. आमच्या गल्लीतल्या गिरणीवर रोज डबा घेऊन जाणारा मी, पीठ खाली पडतं हे कळायला मला दहा मिनिटं लागली.

मग मी वॅरॉककडे चालत निघालो. शहराच्या दक्षिणेला दगडांचं एक वर्तुळ दिसलं म्हणून बघायला गेलो. तिथे काळे जादूगार उभे असतात, काही लेव्हल ७ चे, काही २० चे, आणि मी लेव्हल ३. तीन-चार फटक्यांत परत लंब्रिज. तेव्हा मेल्यावर सगळ्यात महागाच्या तीन वस्तू जवळ राहायच्या, बाकीचं जिथे मेलात तिथेच पडायचं. मी धावत पोहोचेपर्यंत कोणीतरी उचलूनही नेलं होतं. आता तुमच्या सामानाची कबर तयार होते आणि पंधरा मिनिटं तुमची वाट बघते, तेव्हा मरायला फार घाबरू नका. आणि एक नियम लक्षात ठेवा: तुमची लेव्हल त्या प्राण्याच्या दुपटीच्या वर गेली की तो आपणहून अंगावर येत नाही. काही आठवड्यांनी त्याच वर्तुळातून मी मुद्दाम, पळायचं बटण बंद करून, रमतगमत चालत गेलो.

हा कबरीचा दिलासा वाइल्डरनेसमध्ये धरून चालू नका. एजव्हिलच्या उत्तरेला एक चर आहे, तो ओलांडला की दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात. जितके उत्तरेला जाल तितका पडद्यावर दिसणारा वाइल्डरनेसचा आकडा वाढतो, आणि तो आकडा म्हणजे हल्लेखोर आणि तुमच्यातला चालणारा लेव्हलचा फरक. ५ वर असाल तर तुमच्यापेक्षा पाच लेव्हल वर-खाली असलेलेच हात उचलू शकतात. मला हे माहीत नव्हतं. एकजण गोड बोलून म्हणाला, चल, तुला रून धातूचं शिरस्त्राण फुकट देतो. अंगावर नवंकोरं अ‍ॅडमंटचं चिलखत घालून त्याच्या मागे गेलो. त्याने मला १५ पर्यंत चालवत नेलं आणि तिथे त्याचे दोन मित्र झाडामागे उभेच होते. २० पर्यंत साधा टेलिपोर्ट (जादूने झटक्यात दुसरीकडे जाणं) चालतो, पण माझ्याजवळ त्याचे रून्स, म्हणजे जादूला लागणारे दगडच नव्हते. 'तुझं चिलखत सोनेरी करून देतो', 'पैसे दुप्पट करून देतो' म्हणणारे आजही भेटतील. ते भेटण्याआधी बार्बेरियन व्हिलेजमधल्या स्ट्राँगहोल्ड ऑफ सिक्युरिटी या भुयारात उतरा. तिथली दारं अकाउंट सांभाळण्याबद्दल प्रश्न विचारतात आणि शेवटपर्यंत गेलात तर एकूण १०,००० नाणी आणि बूट मिळतात. नव्या माणसाला ही रक्कम मोठी आहे.

आता ज्याच्यासाठी हे सगळं फिरायचं ते ड्रॅगन स्लेअर. पैसे न भरता खेळणाऱ्यांसाठी याहून मोठी मोहीम नाही. ३२ क्वेस्ट पॉइंट (मोहिमा संपवल्यावर मिळणारे गुण) लागतात, म्हणजे बाकीच्या छोट्या गोष्टी करत तुम्ही आपोआप तिथे पोहोचता. ड्रॅगन राहतो त्या क्रँडॉर बेटाच्या नकाशाचे तीन तुकडे तीन ठिकाणी आहेत: एक मेल्झारच्या भुलभुलैयात, एक पोर्ट सरीमच्या तुरुंगातल्या गोब्लिनकडे आणि एक ड्वॉर्फांच्या खाणीत जादूच्या दारामागे. ते दार उघडायला न भाजलेलं मातीचं भांडं, लॉबस्टर पकडायचा पिंजरा, रेशीम आणि फॅलाडॉरच्या दारूच्या गुत्त्यातलं एक पेय लागतं. या चार वस्तूंसाठी मी अर्धा नकाशा पायी तुडवला. कंटाळलो नाही, कारण प्रत्येक नव्या भागात शिरलं की नवी धून सुरू होते आणि संगीताच्या यादीतलं तिचं लाल नाव हिरवं होतं. मला ती यादी हिरवी करायचं व्यसनच लागलं होतं.

मग बेटावर जायला २,००० नाण्यांचं फुटकं जहाज, ३ फळ्या, ९० खिळे आणि ड्रेनॉरचा म्हातारा नेड कप्तान. लंब्रिजच्या ड्यूककडून ड्रॅगनची आग अडवणारी ढाल मागून घ्या, ती फुकट देतो. आमच्याकडे खायला लॉबस्टर होते, म्हणजे आपली शेवंड, एकेक १२ जीव भरून देणारी, दोघांनी कारामजा बेटाच्या धक्क्यावर आठवडाभर पकडलेली. पहिल्या खेपेला एल्व्हार्ग नावाच्या त्या ड्रॅगनने मला मारलं. तेव्हा कळलं की क्रँडॉरच्या भुयारात एक गुप्त भिंत आहे, तिच्यातून पलीकडे गेलात की कारामजाच्या ज्वालामुखीतून परत येता येतं. मी ती उघडलीच नव्हती. पुन्हा फळ्या, पुन्हा खिळे. तेव्हा लढायच्या आधी ती भिंत शोधा, हे माझ्याकडून फुकट. दुसऱ्या वेळी भाऊ माझ्या खांद्यावरून वाकून 'खा, शेवंड खा!' म्हणून ओरडत होता आणि कॅफेवाला आमच्याकडे बघत होता. शेवटच्या दोन शेवंडी उरल्या असताना ड्रॅगन पडला.

नेट हळू असलं तर चालेल का, असंही तुम्ही विचारलंय. हा गेम ०.६ सेकंदाच्या टप्प्यांवर चालतो, त्यामुळे आपल्याकडून थोडा उशीर झाला तरी सुरुवातीला काही बिघडत नाही. मेंबरशिप, म्हणजे पैसे भरून खेळणं, ड्रॅगन पडेपर्यंत घेऊ नका. घेतलीत तर सगळ्यात आधी वॉटरफॉल क्वेस्ट करा: लेव्हलची कोणतीही अट नाही, आणि संपल्यावर अटॅक व स्ट्रेंग्थ १ वरून थेट ३० वर. फक्त त्यातल्या एका थडग्यात शस्त्र-चिलखत नेता येत नाही आणि पुढे अग्निराक्षसांच्या मधून पळावं लागतं. मी दोनदा मेलो.

आणि कौशल्याच्या ९९ या सर्वोच्च लेव्हलच्या मागे आत्ताच लागू नका. ९९ ला १,३०,३४,४३१ एक्सपी (अनुभवाचे गुण) लागतात आणि त्याचा अर्धा रस्ता ९२ ला येतो. माझं कुकिंग गेली चार वर्षं ९३ वर अडकलंय. तुमचा आचारी अजून पिठाची वाट बघत असेल, आधी त्याला पीठ नेऊन द्या.